चेंडू अडवला, गडी सुटला

आमचा बेसबॉल संघ या मोसमात हरायला लागला तेव्हापासून नेरुळच्या मैदानाबाहेरच्या टपरीवर दर रविवारी एकच वाद पेटतो. एक गट म्हणतो, कोच बदला. दुसरा म्हणतो, कोचला कशाला दोष देता, दोन दणकट बॅटर आणा; टेनिस क्रिकेट खेळणारी पोरं आहेत, मैदानाबाहेर मारतात, महिन्याभरात तयार होतील. मी या संघाचा स्कोअरर. कटिंग संपेपर्यंत दोन्ही बाजू ऐकतो आणि घरी येऊन स्कोअरबुक उघडतो. ते पुस्तक दोघांच्याही बाजूने बोलत नाही. आपण हरतोय ते इनफिल्डमध्ये, म्हणजे चार बेसच्या त्या चौकोनात, आणि तिथली गळती थांबवायला नवा मुख्य कोच लागत नाही, नवा बॅटरही लागत नाही. दुसरा कोच लागतो. फर्स्ट, सेकंड, थर्ड या बेसांवरचे तिघे आणि सेकंड-थर्डच्या मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप, या चौघांपलीकडे ज्याने कुणाकडे बघायचं नाही, आणि ज्याला सरावाची पहिली चाळीस मिनिटं हक्काने मिळतील, असा.

मागच्या महिन्यातला सामना घ्या. शेवटची इनिंग, समोरचा संघ बॅटिंगला, आपण एका रनने पुढे. दोन आउट झालेले, तिसरा मिळाला की सामना आपला; दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे रनर. शॉर्टस्टॉपच्या किंचित उजवीकडे साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू, आला. आमचा शॉर्टस्टॉप गुणी मुलगा, पाच-सहा वर्षं क्रिकेटच्या क्लबात घालवलेला. तो चेंडूच्या रेषेत गेला, एक गुडघा टेकवला, शरीर मागे आडवं लावलं आणि चेंडू अलगद ग्लोव्हमध्ये घेतला. टपरीवरून टाळ्या पडल्या. मग तो उठला, दोन पावलं पुढे आला, खांदा वळवला आणि फर्स्ट बेसला थ्रो केला. बॅटर अर्धं पाऊल आधी पोचला होता. तिसऱ्या बेसवरचा रनर होमला आला, बरोबरी झाली. आमचा फर्स्ट बेसमन चेंडू हातात धरून अंपायरशी हुज्जत घालत उभा, तेवढ्यात दुसऱ्या बेसवरचाही तिसरा ओलांडून सरळ होमला. सामना गेला. आता गंमत पहा. या सगळ्या प्रकारात माझ्या पुस्तकात एकही एरर, म्हणजे फिल्डरच्या नावावर लागणारी चूक, नाही. कुणाच्या हातून चेंडू सुटला नाही, कुणाचा थ्रो भलतीकडे गेला नाही. नियमाने ती एक इनफिल्ड हिट, म्हणजे बॅटरने कमावलेला बेस, बस्स.

त्या मुलाने चूक काय केली? क्रिकेटच्या हिशेबाने काहीच नाही. तिथे चेंडू अडवला की रन वाचतो, आणि रन वाचणं हेच तिथे फिल्डरचं मुख्य काम. बेसबॉलमध्ये जमिनीवरून आलेला चेंडू नुसता अडवून काहीही वाचत नाही; बॅटरच्या आधी तो फर्स्ट बेसला पोचला तरच बॅटर आउट. बॅटर उभा राहतो त्या होमपासून फर्स्टपर्यंतचं अंतर ९० फूट, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. चांगला धावणारा ते सव्वाचार-साडेचार सेकंदांत कापतो. चेंडूने शॉर्टस्टॉपपर्यंत येणं, त्याने तो घेणं, हातात पकड बसवणं, पाय वळवणं आणि थ्रो पोचणं, सगळं तेवढ्यात. टेकवलेला गुडघा उचलायला जो क्षण लागतो तोच बॅटरला पुरतो. म्हणून इथे पायांवरच राहायचं, ग्लोव्ह खाली, चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा, आणि चेंडू हातात येत असतानाच पाय फर्स्ट बेसकडे निघालेले असायला हवेत. याला मुलाची निष्काळजी म्हणणं अन्याय आहे. त्याला जे घोटून शिकवलं गेलं तेच त्याने चोख केलं, फक्त ते दुसऱ्या खेळाचं होतं. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाने फिल्डिंग सुधारायला माइक यंग हा अमेरिकन बेसबॉल कोच आणला होता. जगज्जेत्या क्रिकेटवाल्यांना बेसबॉलवाल्याकडून शिकताना कमीपणा वाटला नाही. आणि आपण बेसबॉल खेळताना क्रिकेटची सवय मोडायला एक माणूस नेमत नाही?

एररवरून आठवलं. टपरीवरचा कुणीही आपली बाजू मांडताना माझ्याकडे वळून विचारतो, ‘काका, एरर किती?’ जणू तोच निकाल. या एरर प्रकरणाने जितका गोंधळ घातला तितका दुसऱ्या कुठल्या आकड्याने घातला नसेल. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांचा तक्ता, ज्याने रुळवला तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, पत्रकारितेत आधी क्रिकेटबद्दल लिहिणारा. कोणाच्या हातून किती सुटले हे मोजायची सवय त्याच्यामुळे पक्की झाली. पण जास्तीत जास्त चांगले प्ले करणारा खेळाडू कमीत कमी चुका करणाऱ्यापेक्षा मोठा, असं त्या चॅडविकचंच मत होतं. त्याचा बॉक्स स्कोअर आपण उचलला, हे मत तेवढं तिथेच राहिलं. कारण सरळ आहे: जो चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याच्या नावावर एरर लागत नाही. सरकारी कचेरीत फाईलला हात न लावणाऱ्याची कधी चूक निघाली आहे का? आमचा सेकंड बेसमन या न्यायाने संघातला सर्वांत निर्दोष फिल्डर. त्याच्या डावी-उजवीकडून दोन-दोन हातांवरून चेंडू जातात, तो मान वळवून बघतो, आणि माझं पुस्तक स्वच्छ राहतं. शॉर्टस्टॉपच्या नावावर मात्र एरर साठतात, कारण तो बिचारा लांबच्या चेंडूवरही झेपावतो. त्याची आई माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती मी पाहिली आहे, आणि तिचं खरं आहे.

आता बॅटरवाल्यांचं म्हणणं. त्यात दम आहे, हे आधी मान्य करतो. रन न करता कुणी जिंकत नाही. लांब फटका पाहायला लोक येतात, लोक आले की वर्गणी येते, वर्गणी आली की ग्लोव्ह येतात. शिवाय बॅटर आणणं सोपं आहे: एक फोन, एक सामना, फरक डोळ्यांना दिसतो. फिल्डिंगची मेहनत दिसायला सहा महिने लागतात. एवढं सगळं कबूल करूनही मी टॅम्पा बे रेज या अमेरिकन मेजर लीगमधल्या संघाचं उदाहरण पुढे करीन. २००७ मध्ये हा संघ ६६ जिंकला, ९६ हरला. त्या वर्षी त्यांनी ७८२ रन केले आणि ९४४ दिले. २००८ मध्ये त्यांनी रन केले ७७४, म्हणजे आधीपेक्षा आठ कमीच. तरी ९७ सामने जिंकले आणि थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्या लीगची अंतिम लढत, गाठली. कसे? कारण दिलेले रन ९४४ वरून ६७१ वर आले. मधल्या काळात त्यांनी डेल्मन यंग हा आशेचा तरुण बॅटर देऊन टाकला आणि त्या बदल्यात जेसन बार्टलेट हा शॉर्टस्टॉप घेतला. थर्ड बेस खेळणाऱ्या अकिनोरी इवामुराला सेकंडवर हलवलं आणि थर्डवर इव्हान लॉंगोरिया आला. एका हिवाळ्यात तीन जागा बदलल्या. सगळं श्रेय इनफिल्डचं नाही. त्याच सौद्यात मॅट गार्झा हा चांगला पिचरही (चेंडू टाकणारा) आला होता, आणि बाकीचे पिचरही सुधारले. पण पिचरचा आकडा मागच्या चार माणसांवर किती अवलंबून असतो हे ज्याने कधी ग्राउंडर देणाऱ्या पिचरचा चेहरा जवळून पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही.

इतकं लांब नको असेल तर आपल्या दारातलं घ्या. ३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. जेमिमा रॉड्रिग्स ८२ वर असताना ऑस्ट्रेलियाच्या कप्तान अलिसा हिलीकडून तिचा झेल सुटला. ती नाबाद १२७ वर थांबली आणि आपण ३३९ चं लक्ष्य गाठलं. तीन दिवसांनी त्याच मैदानावर अंतिम सामना. अमनजोत कौरने थेट स्टंपवर मारून तझमिन ब्रिट्सला धावबाद केलं, आणि शतक करून खेळणाऱ्या लॉरा वुल्वार्टचा झेल दोनदा हातातून उडूनही शेवटी धरला. त्या रात्री पाम बीच रोडवर हॉर्न वाजवत फिरणाऱ्यांपैकी किती जणांना शेफालीच्या ८७ धावा आठवतात आणि किती जणांना तो उडालेला झेल? त्या संघाकडे फिल्डिंगसाठी मुनीष बाली हा वेगळा कोच होता. आणि जुनं हवं असेल तर एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा, बॅटिंगची सरासरी पंचविशीच्या आसपास, पण २७ कसोटींत ५३ झेल, तेही बहुतेक बॅटरच्या नाकासमोर उभं राहून, डोक्यावर हेल्मेट नसताना. १९७१ च्या ओव्हल कसोटीचं नाव निघालं की चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळे सांगतात. दुसऱ्या टोकाला वेंकटराघवनच्या चेंडूवर ॲलन नॉटचा झेल घ्यायला सोलकर पुढे झेपावला नसता तर?

कोच बदला म्हणणाऱ्यांकडे येतो. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा ते स्वतः मांडत नाहीत, म्हणून मीच मांडतो. २५ ऑक्टोबर १९८६, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावी इनिंग. बॉस्टन रेड सॉक्सचा फर्स्ट बेसमन बिल बकनर याच्या दोन पायांमधून मूकी विल्सनचा साधा ग्राउंडर निघून गेला आणि न्यूयॉर्क मेट्सने सामना घेतला. पुढे सातवाही घेतला. बकनरला लोकांनी वर्षानुवर्षं छळलं. पण त्याचे घोटे मोसमभर दुखत होते, आणि आघाडी असताना अखेरच्या इनिंगमध्ये त्याच्या जागी डेव्ह स्टेपल्टनला उभं करायची त्या संघाची पद्धत होती. त्या दिवशी मॅनेजर, म्हणजे तिकडचा मुख्य कोच, जॉन मॅकनमाराने तसं केलं नाही. म्हणजे दोष पायांमधून गेलेल्या चेंडूचा की डगआउटमध्ये बसलेल्याचा? तेव्हा हो, कुणाला कुठे उभं करायचं हे कोचचंच पाप-पुण्य. आमच्या कोचनेही खांदा दुखावलेल्या मुलाला थर्ड बेसवर उभं केलं, जिथून थ्रो सर्वांत लांबचा. हे मी त्याच्या तोंडावर बोललो आहे.

पण त्यावरून त्याला काढायचं? पुन्हा रेजकडे पहा. जो मॅडन २००६ ला त्या संघाचा मॅनेजर झाला. पहिल्या वर्षी ६१ विजय, दुसऱ्या वर्षी ६६. आमच्या टपरीने त्याला दुसऱ्या वर्षीच घरी पाठवलं असतं. तिसऱ्या वर्षी त्याचे ९७ झाले. माणूस तोच राहिला, त्याच्या हाताखालची मांडणी बदलली. आमचा कोच एकटा आहे. तो बॅटिंग ऑर्डर लावतो, पिचरचे चेंडू मोजतो, मैदानाची परवानगी आणायला खेपा घालतो, पालकांचे फोन घेतो, आणि पोरांसाठी वडापाव आणायला कोणाला पाठवायचं हेही ठरवतो. अशा माणसाच्या जागी दुसरा एकटा माणूस आणला तर तोही महिन्याभरात हेच करेल. दुसरा कोच असता तर मॅकनमाराने त्याचं ऐकलं असतं का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याची हमी मी देत नाही. पण निदान शेजारी बसून ‘थर्डवाला आज खांदा धरून थ्रो करतोय’ एवढं म्हणायला कुणीतरी असतं.

आपला सराव कसा चालतो ते एकदा येऊन बघा. दीड तास बॅटिंग. ज्याची पाळी नाही तो आउटफिल्डमध्ये उभा राहून चेंडू गोळा करतो. मग उजेड उतरायला लागला की शेवटची दहा मिनिटं ‘चला, फिल्डिंग’. कोच बॅटने मनाला येईल तसा चेंडू मारतो, कधी सरळ, कधी उंच, ज्याच्याकडे गेला त्याने घ्यायचा, सुटला की सगळे हसतात. हा सराव नव्हे, हा दिवस संपल्याची घंटा आहे. ठाण्यात कबड्डी कोळून प्यायलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना विचारा, पकडीचा सराव असा होतो का? चढाईवाला गुण घेऊन आला की टाळ्या त्याला, पण डावा कोपरारक्षक घोट्याला कधी झेपावणार आणि मध्यरक्षक त्याच क्षणी कुठून झाकणार, हे महिनोन्‌महिने जोडीने घोटलेलं असतं. साखळीतल्या दोघांपैकी एक जण पाव सेकंद उशिरा हलला तर दोघेही बाद. शॉर्टस्टॉप, सेकंड, फर्स्ट अशी जी डबल प्लेची, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना आउट करण्याची, साखळी असते ती तंतोतंत हीच. शॉर्टस्टॉपने चेंडू सेकंड बेसवर टाकायचा तेव्हा तिथे कुणी नसतं. तो टाकतो आणि सेकंड बेसमन त्याच क्षणी तिथे पोचतो. हे हसत-खेळत दहा मिनिटांत येत नाही. या दोन मुलांना एकमेकांची पावलं ओळखू येईपर्यंत कुणीतरी रोज समोर उभं राहावं लागतं.

‘हात जन्मजात असतात हो, शिकवून येत नाहीत,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर रागही येत नाही. मार्कस सेमियनने २०१५ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्ससाठी शॉर्टस्टॉपवर ३५ एरर केल्या. इतक्या एरर म्हणजे माणूस दुसऱ्या जागी हलवायचा, असाच कुणाचाही सल्ला असतो. त्याच मोसमात, मे महिन्यात, ओकलंडने रॉन वॉशिंग्टन या आपल्या जुन्या कोचला परत बोलावलं. त्याची शिकवणी बघण्यासारखी. खेळाडूला गुडघ्यांवर बसवायचं, हातात ताटलीएवढा चपटा ग्लोव्ह द्यायचा आणि अगदी जवळून फंगो बॅटने (सरावाच्या हलक्या बॅटने) छोट्या टप्प्याचे चेंडू मारत राहायचं. पाय बंद, थ्रो बंद, फक्त हात. मग उभं करायचं आणि पाय. थ्रो सगळ्यात शेवटी. दररोज, सामन्याआधी, न चुकता. सेमियन २०२१ मध्ये सेकंड बेसवर गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम फिल्डरचं बक्षीस, जिंकला. त्याआधी ओकलंडचाच थर्ड बेसमन एरिक चावेझ याने आपला एक गोल्ड ग्लोव्ह या वॉशिंग्टनला देऊन टाकला होता. हात जन्मजात असते तर ते बक्षीस त्याने आईला दिलं असतं.

मैदानाचं म्हणाल तर इथे मी गप्पच बसतो, कारण तक्रार शंभर टक्के खरी आहे. गणपती आणि नवरात्र आटोपले की मंडपाच्या बांबूंचे खड्डे कुणी बुजवत नाही. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि वर खडी येते. सेकंड बेसच्या मागे असा एक खड्डा आहे की त्यात चेंडू पडला तर तो कुठल्या दिशेने उडेल हे त्यालाही ठाऊक नसतं. पण दोन गोष्टी. एक, तो खड्डा समोरच्या संघालाही आहे. दोन, वाईट टप्प्याचा धोका कमी करायचा तो पायांनी: चेंडू टप्पा घेतो तिथेच जाऊन उचलायचा, किंवा मागे सरून तो खाली येईपर्यंत थांबायचं. मधल्या उंचीवर वाट बघत उभं राहिलं की तो हनुवटीवर येतो. खराब मैदानावर हे शिक्षण चैन नाही, गरज आहे. आणि वॉशिंग्टनच्या त्या गुडघ्यांवरच्या सरावाला मैदान लागतंच कुठे? सोसायटीचा पोडियम पुरतो. भिंतीवर टेनिस बॉल मारायचा, उजवा-डावा, दिवसाला पाचशे. वॉचमन ओरडेल, तेवढं सोसायचं.

राहता राहिला प्रश्न, हा दुसरा कोच आणायचा कुठून आणि द्यायचं काय. मानधनाचा मुद्दा खरा आहे. आपल्याकडे मुख्य कोचलाच वेळेवर मिळत नाही. पण आपण चुकीच्या दारात उभे आहोत. आपल्या राज्यात शाळा-कॉलेजांत सॉफ्टबॉल खेळलेल्या मुली किती आहेत! आज त्या चाळिशीत आहेत, कुणी पीटीच्या शिक्षिका, कुणी बँकेत. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट. म्हणजे तिथल्या शॉर्टस्टॉपला आमच्या पोराहून कमी वेळ मिळतो. त्यांच्या हातांना घाई मुरलेली असते. एका रविवारी भाच्याला सोडायला आलेल्या एका ताईंनी सहज ग्लोव्ह मागितला आणि दहा ग्राउंडर घेतले. एकदाही गुडघा टेकला नाही. आमच्या शॉर्टस्टॉपला म्हणाल्या, ‘अरे, तू हाताने चेंडू शोधतोस. पाय आधी ने, हात आपोआप येतो.’ मोसमभरात त्याला इतकं उपयोगाचं दुसरं कुणी बोललं नव्हतं. टपरीवर मी त्यांचं नाव सुचवलं तर एक जण म्हणाला, बाईमाणूस पोरांना काय बेसबॉल शिकवणार. अलिसा नॅकेन कॉलेजात सॉफ्टबॉल खेळली आणि एप्रिल २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची कोच म्हणून मेजर लीगच्या सामन्यात प्रत्यक्ष मैदानावर उतरली. तिथे कुणाचा बेस हलला नाही. आपल्याकडे मात्र कुणाचा तरी अहंकार हलतो.

त्या ताई आठवड्यातून दोन संध्याकाळी येतील का, मी विचारलंय. उत्तर यायचं आहे. मुलाची दहावी आहे म्हणाल्या. तोवर मी माझ्या पुरता एक बदल केला आहे. स्कोअरबुकात एररच्या रकान्याशेजारी पेन्सिलने एक बारीक गोल काढतो: ज्या चेंडूपर्यंत पोचायला हवं होतं आणि कुणी पोचलं नाही, त्यासाठी. मागच्या रविवारी शॉर्टस्टॉपच्या आईने ते पाहिलं आणि विचारलं, हे गोल कसले. मी सांगितलं. तिने पुस्तक हातात घेतलं, पान उलटून सेकंड बेसमनच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोजायला लागली.